अँटिबायोटिक सुरू करतानाच थांबवायची तारीख लिहा

अँटिबायोटिक निवडताना आपण बराच विचार करतो. जंतू कोणता असेल, मूत्रपिंडं कशी आहेत, ॲलर्जी आहे का, कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवलं का, हे सगळं पाहतो. मग दिवसांचा आकडा लिहायची वेळ येते आणि हात आपोआप ७ किंवा १४ लिहून मोकळा होतो. हा आकडा कुठून आला, असं विचारलं तर आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. कित्येक आजारांमध्ये त्यामागे आठवड्याला सात दिवस असतात याहून भक्कम आधार नव्हताच. गेल्या वीसेक वर्षांत मात्र मुदतीवरच्या चाचण्या, म्हणजे रुग्णांचे गट करून केलेल्या तुलना, इतक्या झाल्या आहेत की आता अंदाजाने आकडा लिहिणं समर्थनीय राहिलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अँटिबायोटिक सुरू करतानाच थांबवायची तारीख केसपेपरवर लिहावी. ती त्या आजारात चाचण्यांनी पुरेशी ठरवलेल्या कमीत कमी मुदतीची असावी. आणि ती पुढे ढकलायची असेल, तर ढकलणाऱ्याने कारण लिहावं. आज नेमकं उलटं चालतं. औषध चालू ठेवायला कारण लागत नाही, थांबवायला धाडस लागतं. या उलट्या रिवाजाचा पाया म्हणजे ‘कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू औषधाला दाद देणार नाहीत’ हे वाक्य. ते आपण विद्यार्थी असताना ऐकतो आणि पुढे आयुष्यभर रुग्णांना ऐकवतो.

१९४१ साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. चेहऱ्यावर, डोळ्यात आणि फुप्फुसात गळवं झालेला हा माणूस चार-पाच दिवसांत झपाट्याने सुधारला. मग औषधाचा साठा संपला, आजार उलटला आणि तो दगावला. यातून ‘अर्धवट उपचार घातक’ हा धडा वैद्यकाच्या मनात पक्का बसला. पण त्याला मिळालेलं पेनिसिलिन आजच्या मानाने अत्यल्प होतं. त्याच्या लघवीतून औषध परत मिळवून त्यालाच टोचावं लागत होतं. अपुरा डोस आणि पू भरलेली गळवं यांची ती गोष्ट होती. तिला आपण दिवसांची गोष्ट करून टाकलं.

१९४५ च्या नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. घसा दुखतो म्हणून तो मनाने थोडंसं पेनिसिलिन घेतो, स्ट्रेप्टोकॉकस मरत नाही, उलट प्रतिकार शिकतो आणि पुढे त्याच्या बायकोचा जीव घेतो. फ्लेमिंग यांचा भर पुरेसं औषध देण्यावर होता. दिवसांचा आकडा त्यांनी दिला नव्हता. शिवाय त्यांनी उदाहरणाला घेतलेला, घशाच्या संसर्गाला कारण असलेला ‘पायोजेनिस’ स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनला दाद देतो. इतकी वर्षं इतक्या लोकांनी अर्धवट गोळ्या खाऊनही तो पेनिसिलिनला प्रतिकार करणारा झालेला नाही.

प्रतिकार मग कुठे तयार होतो? रुग्णालयात आपल्याला जेरीला आणणारे जंतू आठवून पाहा: ई. कोलाय, क्लेबसिएला, एन्टरोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर. यांपैकी बहुतेक जण आतड्यात, त्वचेवर किंवा नाकात निमूटपणे राहत असतात. न्यूमोनियासाठी दिलेलं सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवर काम करतं तेव्हा आतड्यातल्या कोट्यवधी जंतूंवरही काम करत असतं. तिथे औषधाला न जुमानणारे मूठभर जंतू आधीपासून असतात. बाकीचे मेले की त्यांना मोकळं रान मिळतं. ही निवड दर दिवशी, दर डोसागणिक चालू राहते. फुप्फुसातला न्यूमोकॉकस तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपलेला असला तरी आतड्यातली निवड दहाव्या दिवशीही सुरूच असते. म्हणजे लवकर थांबवल्याने प्रतिकार वाढतो ही समजूत बहुतेक जिवाणूजन्य आजारांत वस्तुस्थितीच्या उलट आहे.

याचा पुरावा व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियात सापडतो. २००३ साली फ्रान्समधल्या ५१ अतिदक्षता विभागांतल्या ४०१ रुग्णांवर ८ आणि १५ दिवसांची तुलना प्रसिद्ध झाली. मृत्यूंमध्ये फरक नव्हता. ज्यांना पुन्हा फुप्फुसाचा संसर्ग झाला, त्यांच्यात बहुऔषध-प्रतिरोधक जंतू ८ दिवसांच्या गटात ४२ टक्के, तर १५ दिवसांच्या गटात ६२ टक्के निघाले. त्याच चाचणीत स्यूडोमोनाससारख्या जंतूंमध्ये मात्र ८ दिवसांनी संसर्ग उलटण्याचं प्रमाण जास्त होतं, सुमारे ४१ टक्के विरुद्ध २५ टक्के. हा अपवाद लक्षात ठेवायला हवा, असे आणखी अपवाद पुढे येतातच.

रुग्णालयाबाहेर होणाऱ्या साध्या न्यूमोनियात तर दिवसांचा हिशेब रुग्णच आपल्याला सांगतो. २०२१ मध्ये फ्रान्समधूनच आलेल्या चाचणीत, वॉर्डात दाखल झालेल्या आणि तीन दिवस बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातली अँटिबायोटिक) घेऊन स्थिर झालेल्या रुग्णांना पुढचे पाच दिवस औषध किंवा प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) दिलं. पंधराव्या दिवशी बरे झालेले रुग्ण प्लासिबो गटात ७७ टक्के आणि औषध गटात ६८ टक्के होते. ‘स्थिर’ या शब्दाची व्याख्या इथे महत्त्वाची आहे. ताप ३७.८ अंश सेल्सिअस किंवा कमी, नाडी १०० च्या खाली, श्वास मिनिटाला २४ च्या खाली, वरचा रक्तदाब किमान ९०, ऑक्सिजन किमान ९० टक्के आणि भान नेहमीसारखं. हे सहा आकडे राउंडला रोज लिहिले, तर थांबवायचा निर्णय आपसूक समोर येतो. रोजच्या कामात मी असं म्हणेन: तिसऱ्या दिवशी हे सगळे आकडे जागेवर असतील आणि फुप्फुसात पोकळी, पू किंवा गळू नसेल, तर पाचव्या दिवशी थांबवावं. तीन दिवसांचा मार्ग निवडलेल्या, सौम्य रुग्णांसाठी खुला आहे. पण जिथे रुग्णाला परत बोलावून पाहायची सोय नाही, तिथे पाच दिवस हा समंजस आकडा आहे.

थांबवताना डॉक्टरांना अडवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा संसर्गाच्या नसतातच. खोकला कित्येक आठवडे रेंगाळतो. एक्स-रेवरची सावली जायला सहा आठवडे किंवा त्याहूनही जास्त लागतात, वयस्कर माणसात आणि धूम्रपान करणाऱ्यात तर आणखी. थकवा महिनाभर राहतो. सेल्युलायटिसमध्ये, म्हणजे त्वचेखालच्या संसर्गात, पहिल्या एक-दोन दिवसांत लाली थोडी पसरूही शकते आणि पाचव्या दिवशी त्वचा तांबूस, कडक, सोलवटलेली दिसते. ही दाहाची शेपटी आहे. जंतू संपल्यावरही ती राहते आणि आणखी अँटिबायोटिक देऊन आखडत नाही. पाय उंच ठेवणं, सूज उतरवणं आणि बोटांमधला नायटा बरा करणं यांचा तिथे जास्त उपयोग होतो.

रक्तात जंतू सापडले की १४ दिवस, हा तर जवळजवळ धर्मच होता. ‘बॅलन्स’ चाचणीने तो तपासला. ७ देशांतली ७४ रुग्णालयं, ३,६०८ रुग्ण, त्यांतले निम्म्याहून जास्त अतिदक्षता विभागातले. ९० दिवसांतले मृत्यू ७ दिवसांच्या गटात १४.५ टक्के आणि १४ दिवसांच्या गटात १६.१ टक्के. हा निष्कर्ष कोणाला लागू आहे हे नीट वाचायला हवं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, बुरशी, कृत्रिम हृदयझडप किंवा रक्तवाहिनीत बसवलेला कृत्रिम भाग, प्रतिकारशक्ती अतिशय कमी असलेले रुग्ण, हृदयाच्या झडपेचा किंवा हाडाचा संसर्ग, न काढलेलं गळू, हे सगळे बाहेर ठेवले होते. त्यामुळे ई. कोलाय रक्तात आला, उगम लघवीच्या मार्गात होता, अडथळा दूर केला आणि रुग्ण सुधारतोय, तर सात दिवस. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला, तर गुंतागुंत नसतानाही किमान १४ दिवस आणि तेही पहिलं निर्जंतुक कल्चर मिळालेल्या दिवसापासून मोजून. झडपेचा संसर्ग किंवा दुसरीकडे पसरलेला पू असेल तर आठवडे. इथे कंजुषी करणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे.

पोटातल्या संसर्गात २०१५ ची ‘स्टॉप-इट’ चाचणी आहे. ५१८ रुग्णांत पू काढून मूळ नीट दुरुस्त केल्यावर एका गटाला चार दिवस आणि दुसऱ्याला ताप, पांढऱ्या पेशी व आतड्यांची हालचाल सुधारल्यानंतर दोन दिवसांपर्यंत औषध दिलं. दुसऱ्या गटाची मुदत आठ दिवसांच्या आसपास गेली. जखमेचा संसर्ग, पुन्हा पू आणि मृत्यू मिळून दोन्ही गटांत सुमारे २२ टक्के. हे २२ टक्के मला फार बोलके वाटतात. इतक्या रुग्णांत गुंतागुंत होते आणि दिवस दुप्पट केल्याने ती कमी होत नाही, कारण ती पू राहिल्यामुळे होते. चौथ्या-पाचव्या दिवशीही ताप उतरला नाही, तर उत्तर सीटी स्कॅनवर शोधायचं असतं. औषधाच्या चार्टवर आणखी पाच दिवस वाढवल्याने गळू सुकत नाही, फक्त त्याचं निदान आठवडाभर मागे पडतं. न्यूमोनियात फुप्फुसाभोवतीचा पू, लघवीच्या संसर्गात खड्याने अडलेलं मूत्रपिंड, सलाईनच्या नळीचा संसर्ग, चुकलेलं निदान, खुद्द औषधाने आलेला ताप, हे सगळं याच दिवशी तपासायचं असतं.

आता कमी दिवस जिथे कमी पडतात ते, आणि हा भाग कमी मुदतीच्या समर्थकांनी मोठ्याने सांगायला हवा. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या कानाच्या संसर्गात ५ दिवसांनी उपचार फसण्याचं प्रमाण ३४ टक्के होतं, १० दिवसांनी १६ टक्के. शिवाय कमी दिवसांनी नाकातले प्रतिरोधक जंतूही कमी झाले नाहीत. पुरुषांमधला लघवीचा संसर्ग घ्या. ताप नसेल तर ७ दिवस पुरतात. लक्षणं जाण्याचं प्रमाण ७ दिवसांनी ९३ टक्के आणि १४ दिवसांनी ९० टक्के निघालं. ताप असेल तर मात्र चित्र पालटतं. ऑफ्लॉक्सासिन देऊन केलेल्या फ्रेंच चाचणीत ७ दिवसांनी यश सुमारे ५६ टक्के आणि १४ दिवसांनी ७८ टक्के मिळालं. फरकाचं कारण शरीररचनेत आहे. ताप असलेल्या पुरुषात प्रोस्टेट बहुधा सामील असतं आणि तिथे औषध सहजी शिरत नाही. बदलून बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या संसर्गात ६ आठवड्यांनी १८ टक्के रुग्णांत संसर्ग टिकून राहिला, १२ आठवड्यांनी ९ टक्के. धातूवर जंतूंचा थर बसतो, त्या बायोफिल्ममध्ये ते मंद, जवळजवळ निद्रिस्त असतात आणि वाढणाऱ्या जंतूंना मारणारं औषध त्यांच्यावर फिकं पडतं. त्याच संशोधकांच्या आधीच्या चाचणीत मणक्याच्या हाडाच्या संसर्गाला, जिथे धातू नव्हता, ६ आणि १२ आठवड्यांत बरे होण्याचं प्रमाण सारखंच, सुमारे ९१ टक्के निघालं.

म्हणून ‘कमी ते चांगलं’ अशी नवी घोषणा मला नको आहे. एक पाठ केलेलं वाक्य काढून दुसरं बसवल्याने काही साधत नाही. औषध पोहोचतं का, जंतू वाढता आहे की निद्रिस्त, आणि पू किंवा परकी वस्तू आत आहे का, या तीन प्रश्नांवर मुदत ठरते.

क्षयरोगाचा आक्षेप इथे हमखास येतो. कोर्सचं वाक्य सोडलं तर क्षयरुग्ण महिन्याभरात गोळ्या टाकतील ही भीती खरी आहे. पण क्षयात कारणमीमांसाच वेगळी आहे. तिथे प्रतिकार आजाराच्या मूळ जंतूतच, उपचार चालू असताना होणाऱ्या बदलांमधून येतो. म्हणून एकाच वेळी अनेक औषधं द्यावी लागतात आणि सुप्त जंतू संपेपर्यंत महिनोन्‌महिने द्यावी लागतात. मुदत चाचणीनेच ठरवावी याचं क्षयाइतकं चांगलं उदाहरण नाही. २०१४ मध्ये फ्लुरोक्विनोलोन घालून चार महिन्यांत उपचार संपवण्याचे प्रयत्न फसले. थुंकी लवकर स्वच्छ झाली तरी आजार उलटला. २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या चार महिन्यांच्या उपचाराने ते साधलं आणि २०२२ मध्ये मुलांच्या सौम्य क्षयातही चार महिने पुरेसे ठरले. स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाचंही तसंच. संधिवाताचा ताप येऊन झडपा खराब होण्याचा धोका जिथे असतो, तिथे लक्षणं जाणं पुरत नाही, घशातला जंतूही जावा लागतो. स्वीडनच्या चाचणीत पेनिसिलिनचा डोस वाढवून ५ दिवस दिल्यावर रुग्ण तितकेच बरे झाले, पण जंतू जाण्याचं प्रमाण ८० टक्के राहिलं. १० दिवसांनी ते ९१ टक्के होतं. अशा ठिकाणी १० दिवस किंवा बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, यात काटछाट नको.

दुसरा आक्षेप अधिक तगडा आहे आणि तो संख्याशास्त्राचा आहे. यांतल्या बहुतेक चाचण्या ‘कमी मुदत ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाईट नाही’ एवढंच दाखवतात. ही मर्यादा अनेकदा १० टक्क्यांची असते. म्हणजे खरोखर काही टक्के नुकसान होत असलं तरी चाचणी ‘यशस्वी’ म्हणून छापली जाऊ शकते. हे म्हणणं योग्य आहे. म्हणून निष्कर्षाच्या ओळीवर थांबू नये, फरकाची विश्वासमर्यादा (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) पाहावी आणि मोजलेली गोष्ट मृत्यू आहे की नुसतं ‘बरं वाटणं’ हेही पाहावं. ‘बॅलन्स’मध्ये मर्यादा मृत्यूसाठी ४ टक्क्यांची होती आणि आकडे कमी मुदतीकडेच झुकलेले होते. त्यावर विसंबता येतं. दोनशे-तीनशे रुग्णांच्या एकाच चाचणीवर तितकं विसंबू नये. पण हाच कठोर मापदंड जास्त दिवसांनाही लावायला हवा. १४ दिवसांच्या बाजूने ‘बॅलन्स’च्या आधी अशी कोणती चाचणी होती?

जास्त दिवस निरुपद्रवी असते, तर हा वाद मी घातलाच नसता. दाखल असताना अँटिबायोटिक मिळालेल्या १,४८८ रुग्णांच्या एका अभ्यासात २० टक्क्यांना औषधाचा किमान एक अपाय झाला होता: पोट, मूत्रपिंड, रक्तपेशी, क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूची हगवण. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ४३ रुग्णालयांत न्यूमोनियाच्या ६,४८१ रुग्णांपैकी दोनतृतीयांश जणांना गरजेपेक्षा जास्त दिवस औषध मिळालं. त्याने मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं कमी झालं नाही. प्रत्येक जादा दिवसागणिक रुग्णांनी सांगितलेल्या अपायांची शक्यता मात्र ५ टक्क्यांनी वाढली. आणि हे जादा दिवस आले कुठून? त्यांतले ९३ टक्के डिस्चार्जच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते.

इथेच आपली खरी गळती आहे. रुग्ण चार दिवस शिरेतून औषध घेतो, घरी जाताना कोणीतरी ‘गोळ्या ७ दिवस’ लिहितं आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. एकूण अकरा दिवस होतात आणि ते कोणी ठरवून दिलेले नसतात. रक्तातला स्टॅफिलोकॉकस ऑरियस सोडला, तर मोजणी नेहमी पहिल्या परिणामकारक डोसापासून करावी. जंतू ज्याला दाद देतो अशा औषधाचा पहिला दिवस, आणि पू काढावा लागला असेल तर तो निघाला तो दिवस, यांतला नंतरचा दिवस म्हणजे १. शिरेतले आणि तोंडावाटेचे दिवस एकाच ओळीत मोजायचे. सुरुवातीचं औषध कल्चरनुसार चुकीचं ठरलं असेल, तर ते दिवस धरायचे नाहीत.

मुदत कमी करायची, तर डोस पुरेपूर हवा. सेप्सिसच्या (संसर्गाने अवयव बिघडू लागण्याच्या) पहिल्या ४८ तासांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं पाहून बीटा-लॅक्टमचा डोस लगेच निम्मा करण्याची सवय घातक आहे. सलाईन मिळाल्यावर पुष्कळांची मूत्रपिंडं दोन दिवसांत सावरतात आणि तोवर सर्वांत मोलाचे दिवस अपुऱ्या औषधात गेलेले असतात. तोंडावाटे औषधावर येतानाही नीट निवड लागते. लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, कोट्रायमोक्साझोल जवळजवळ पूर्ण शोषली जातात. सेफ्युरोक्झिमच्या गोळीतलं जेमतेम निम्मं रक्तात पोहोचतं.

प्रोकॅल्सिटोनिन या, जिवाणूंच्या संसर्गात वाढणाऱ्या रक्तातल्या घटकाच्या तपासणीचा आधार घ्यायला हरकत नाही, पण अपेक्षा माफक ठेवाव्यात. २०२४ मध्ये सेप्सिसच्या २,७६० रुग्णांत रोज प्रोकॅल्सिटोनिन पाहून औषध थांबवल्याने मुदत एका दिवसापेक्षाही थोडी कमीच घटली. मृत्यू वाढले नाहीत. सीआरपी या दाहाच्या रक्ततपासणीने मुदतीत फरक पडला नाही. ज्या विभागात थांबवायची तारीखच लिहिली जात नाही, तिथे रोजच्या तपासणीवर खर्च करण्याआधी तारीख लिहायला सुरुवात करावी.

मग डॉक्टर थांबवत का नाहीत? ज्ञान कमी असतं म्हणून नाही. आजार उलटला तर रुग्ण आपल्याकडेच परत येतो आणि दोष आपल्या नावावर पडतो. जादा दिवसांनी झालेली हगवण तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. सहा महिन्यांनी प्रतिरोधक जंतूमुळे झालेला लघवीचा संसर्ग कोणाच्याच नावावर पडत नाही. वॉर्डात तर वरिष्ठांनी सुरू केलेलं औषध कनिष्ठ डॉक्टर थांबवू धजत नाही. म्हणून हा प्रश्न एकेका डॉक्टरच्या धैर्यावर सोडू नये. तारीख आधीच लिहिलेली असली की त्या दिवशी थांबवणारा कनिष्ठ डॉक्टर वरिष्ठाचा आदेश पाळत असतो. ती मोडणाऱ्याला मग दोन शब्द लिहावे लागतात.

रुग्णाशी बोलतानाही ‘कोर्स पूर्ण करा’ऐवजी नेमकं सांगता येतं: ‘अमुक तारखेपर्यंत गोळ्या घ्या, त्याआधी बरं वाटलं तरी मनाने थांबवू नका, मला विचारा. त्या तारखेनंतर खोकला राहिला तरी आणखी गोळ्या घेऊ नका. ताप परत आला, धाप लागली किंवा दिवसाला तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब झाले तर त्याच दिवशी या. पाकिटात गोळ्या उरल्या तर पुढच्या आजारपणासाठी ठेवू नका, घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका.’ आणि डिस्चार्ज कार्डावर एवढी एक ओळ असावी: औषधाचं नाव, कशासाठी, आज एकूण कितवा दिवस, शेवटचा डोस कोणत्या तारखेला.